मुदपाकखाना आणि वाटाड्या

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. या दोन तारखांच्या दरम्यान दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या शेतांवर, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कडेला जी मानवी वस्ती उभी राहिली, ती नगर म्हणून नव्हे तर छावणी म्हणून उभी राहिली. आणि नगरीचे सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते झाले, झाडे वाढली, तरी कॅम्प एक आणि कॅम्प दोन हे मोहल्ले आजही आपल्या त्या पूर्वावस्थेची नावे सांभाळून आहेत. राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, तांदुळा जलाशयाचे पाणी, दहा लाख टनांची संकल्पित क्षमता, या साऱ्यांची नोंद कारखान्याच्या इतिहासात यथास्थित आढळते. त्या हजारो माणसांना दोन वेळा कोणी जेवू घातले आणि अनोळखी माळावर त्यांच्या टोळ्यांना कामापर्यंत कोणी नेले, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारलेला नाही, आणि माझ्या मते छावणीच्या इतिहासात विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे.

या बांधकामावर १९५७ ते १९५९ या काळात सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंते होते वेनियामिन दिम्शित्स. हे गृहस्थ १९१० साली क्रिमियातील फेओदोसिया या बंदरात एका यहुदी कुटुंबात जन्मले, मॅग्निटोगोर्स्क आणि झापोरोझ्ये येथील पोलादी कारखान्यांच्या उभारणीत त्यांचे तारुण्य गेले, आणि भिलाईहून परतल्यावर पुढे १९६२ मध्ये ते सोव्हिएत संघाच्या उपपंतप्रधानपदापर्यंत चढले. त्यांच्याच क्रिमियात १९२५ साली आर्तेक येथे बालवीरांची उन्हाळी छावणी स्थापन झाली होती, आणि पुढे तिचे नाव सोव्हिएत देशातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी झाले. दिम्शित्स यांच्या धर्मबांधवांनी त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे उन्हाळी छावणीची एक वेगळीच परंपरा घडवली होती. आणि छावणीतील अन्नाची व वाटेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या परंपरेने जितक्या कसोशीने सोडवला तितका अन्य कोणी सोडवलेला मला ठाऊक नसल्यामुळे, भिलाईच्या इतिहासाकडे मी त्या वाटेने येणार आहे.

तत्पूर्वी आपल्या घरचा दाखला पाहिला पाहिजे. मोसमी छावणी मराठी माणसाला नवी नव्हती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मुलुखगिरीस बाहेर पडावी आणि पर्जन्यकाळाच्या आत परतावी, हा क्रम अठराव्या शतकात इतका रूढ होता की शिपाई, शागिर्दपेशा, बाजारकरी आणि बुणगे यांचे सारे अर्थकारण त्या आठ महिन्यांवर बेतलेले असे. याच क्रमाने नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४१ साली बंगालच्या स्वारीवर जाताना छत्तीसगढातून गेले आणि रतनपूरचे राज्य त्यांच्या हाती आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी त्याच रतनपुरी राहून या मुलखाचा कारभार पाहिला. अशा फौजेबरोबर मुदपाकखाना चाले, कोठी चाले, आणि जासूद, हरकारे व मुलखाचे वाटाडे चालत. त्यांचा रोजमुरा मोहिमेपुरता, त्यांचे नाव बखरीत नाही. परंतु ते नसले म्हणजे काय होते हे पानिपताने दाखवले. रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, भाऊसाहेबांच्या छावणीतील चुली एकामागून एक विझल्या, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य मैदानात उतरले. तोफांची चर्चा आपण दोन शतके केली. चुलींची त्या मानाने फारच थोडी केली.

आता अमेरिकेकडे वळू. १८८१ पासून पुढील चार दशकांत पूर्व युरोपातील छळाला कंटाळून सुमारे वीस लाख यहुदी तेथे गेले आणि त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत राहिला. उन्हाळ्यात त्या चाळींतून क्षय आणि साथीचे रोग फोफावत, म्हणून गरीब घरांतील मुलांना काही आठवडे तरी मोकळी हवा मिळावी या हेतूने समाजातील संस्थांनी ग्रामीण भागात छावण्या काढल्या. कोल्ड स्प्रिंग या गावाजवळची सर्प्राइज लेक छावणी १९०२ सालची आहे. आरोग्यासाठी निघालेल्या या उपक्रमाला पुढे शिक्षणाचे आणि धर्मसंस्काराचे वळण लागले, आणि १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यातील कॉनोव्हर येथे रामा छावणी निघाली तेव्हा हिब्रू भाषेत दिवसाचा व्यवहार करणे हेच तिचे उद्दिष्ट ठरले. या छावण्या वर्षाकाठी जेमतेम दोन महिने चालत, त्यामुळे तेथील नोकऱ्याही तेवढ्याच मुदतीच्या. महाविद्यालयीन तरुण मुलांचे नायक होत, आणि आचारी, भांडी घासणारे, कोठीवाले, जंगलात व तळ्यावर पथक नेणारे वाटाडे हे सारे हंगामापुरते नेमले जात.

येथवर मराठी फौजेच्या बुणग्यांहून काही निराळे दिसत नाही. निराळेपण आहे ते धर्मशास्त्राने स्वयंपाकघरावर घातलेल्या बंधनात. यहुदी आचारानुसार मांस आणि दूध एकत्र शिजवता येत नाही, एका भोजनात खाता येत नाही. म्हणून छावणीत भांड्यांचे, पळ्या-सुऱ्यांचे, ताटांचे दोन संपूर्ण संच लागतात, ते धुण्याच्या जागाही शक्यतो वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि या सर्वांवर मश्गियाख नावाचा जाणकार देखरेख करतो, ज्याच्या शब्दापुढे छावणीच्या व्यवस्थापकाचेही चालत नाही. शुक्रवारची दुपार हा त्या मुदपाकखान्याच्या कसोटीचा प्रहर. सूर्यास्ताबरोबर शब्बाथ, म्हणजे यहुदी विश्रांतीचा दिवस, लागतो, मग दुसऱ्या दिवशी रात्री चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, काही शिजवायचे नाही. म्हणून शेकडो मुलांचे दोन दिवसांचे अन्न दुपारपर्यंत सिद्ध करावे लागते, पीळ घातलेले पाव भट्टीतून बाहेर येतात, मांस-कडधान्याचे मोठे हंडे मंद, झाकलेल्या आचेवर चढतात ते शनिवारच्या जेवणाला ऊन मिळावेत म्हणून, आणि घड्याळाकडे पाहत आचारी शेवटचा जाळ लावून हात बाजूला घेतो. ज्या मुलाने हे दोन महिने पाहिले त्याला शब्बाथ पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

वाटाड्याच्या कामातही हाच नियम शिरला. डोंगरात किंवा तळ्यावर चार दिवसांची सफर नेणाऱ्या पथकनायकाला नकाशा, होकायंत्र, नावेचा तोल, पाऊस-वादळाची चिन्हे, जखमेवरचे प्रथमोपचार हे तर यावेच लागे. त्याशिवाय शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी पथक तळावर परत आणणे किंवा जेथे असेल तेथेच लाकूड, पाणी व शिजलेले अन्न यांची बेगमी करून थांबणे त्याला भाग असे. त्याच्या शिध्याच्या पेटीत दुधाचे आणि मांसाचे पातेले वेगळे, त्यांवर खुणा केलेल्या. स्वयंपाकी आणि वाटाड्या यांचे असे अतूट नाते दुसऱ्या कोणत्या छावणीत असेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच या दोन्ही हंगामी नोकऱ्यांना त्या समाजात मान मिळाला. वीस वर्षांचा मुलगा एका उन्हाळ्यात चाळीस जणांच्या पोटाची आणि प्राणाची जबाबदारी वाहून घरी परते, आणि त्याच्या समाजाला पुढचा कार्यकर्ता तेथे सापडे.

यहुदी समाजाची एक शाखा मराठी बोलते, हे वाचकांस ठाऊक आहेच. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचलेल्यांचे वंशज म्हणवणारे कोकणातील बेने इस्राएल पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावांची आडनावे लावीत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कुलाबा जिल्ह्यात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांच्या स्वयंपाकघराने शास्त्राचा पेच नारळाने सोडवला. नारळाचे दूध हे शास्त्रदृष्ट्या दूध नसल्यामुळे मटणाच्या रश्शात ते निःशंकपणे पडते, आणि खिरीच्या सणाची नव्या तांदळाची खीरही त्यातच शिजते. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास सोडतात तो वालाच्या बिरड्याने, म्हणून त्या दिवसाचे नावच बिरड्याचा सण. अलिबागजवळच्या खंडाळे गावी, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा ज्या खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे, तेथे कुटुंबेच्या कुटुंबे जात, आणि उघड्या माळावर मलिद्याचे ताट मांडले जाई: भिजवलेले पोहे, गूळ, खवलेले खोबरे, सुकामेवा आणि भोवती फळे. चूल न पेटवता शंभर माणसांना प्रसाद पुरवणारे इतके सुटसुटीत प्रवासी अन्न त्या माळावर दुसरे कोणते शोभले असते? हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियनचा पाया घातला, पुढे हबोनिम आणि बने अकिवा या तरुणांच्या संघटना मुंबईत आल्या. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला, तरी मागे राहिलेल्यांतील काही मुले हंगेरीत सारवाश येथे १९९० पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय यहुदी छावणीलाही जाऊन आली आहेत.

मराठी समाजाने स्वतःच्या उन्हाळी छावण्या काढल्या त्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांपासून, आणि १९६७ पासून बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीपर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातील मे महिन्याच्या त्या उन्हात बंधारे खोदणाऱ्या मुलांच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. भाकरी भाजणाऱ्यांच्या आठवणी वाचायला मिळाल्या तर मला फार आनंद होईल.

भिलाईच्या छावणीत दोन तऱ्हेचे मुदपाकखाने होते असे म्हणता येईल. एक कागदोपत्री असलेला: अभियंत्यांच्या निवासांतील भोजनगृहे, सोव्हिएत तज्ज्ञांच्या पदार्थांची सोय, आणि कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे मिटवल्यावर १९५७-५८ च्या सुमारास कामगारांच्या सहकारी संस्थांनी काढलेल्या इंडियन कॉफी हाऊसचा या नगरीत झालेला प्रवेश. दुसरा मुदपाकखाना कोठेही नोंदला गेला नाही. पंजाब, आंध्र, केरळ, बिहार, विदर्भ येथून आलेले कुशल कामगार आपापल्या प्रांतांच्या खाणावळींत जेवत, आणि दुर्ग, रायपूर, बिलासपूरच्या खेड्यांतून धानकापणी आटोपून आलेले कुली व रेजा, म्हणजे स्त्रीमजूर, तीन दगडांच्या चुलीवर रात्री भात शिजवून त्यात पाणी घालून ठेवीत. सकाळी तीच बासी: मीठ, कांदा, हिरवी मिरची, आणि आंबलेल्या पाण्यासकट वाडगे रिकामे. वैशाखातल्या छत्तीसगढी उन्हात डोक्यावर घमेले घेऊन दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या शरीराला यापरते थंड आणि स्वस्त अन्न नाही. आकतीच्या सणाला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, शेतीचे नवे वर्ष धरणारी ही माणसे मृगाच्या सुमारास गावाकडे ओढली जात. त्या रेजेच्या शिध्याची कोठी नव्हती, तिच्या अन्नावर देखरेख ठेवणारा जाणकार नव्हता, आणि टोळी गोळा करून आणणारा मेट हाच तिचा वाटाड्या. तो भला निघाला तर मजुरी पुरी, नाही तर अर्धी.

म्हणून माझा निर्णय असा की भिलाईचे बांधकाम अभियांत्रिकीच्या दृष्टीने कितीही प्रशंसनीय असले, तरी छावणी म्हणून ते अपुरे होते. कारण ज्या छावणीत स्वयंपाकाला नियम आणि स्वयंपाक्याला हुद्दा नसतो, ती आपल्या दुबळ्या माणसाला त्याच्या नशिबावर सोडते. उन्हाळ्यापुरत्या दोन महिन्यांच्या छावणीने आपल्या आचाऱ्याला जो अधिकार दिला, तो राष्ट्राच्या एवढ्या मोठ्या उद्योगाला चार वर्षांत रेजेच्या चुलीपर्यंत नेता आला असता. पैसा कमी नव्हता. कोणाला ते आवश्यक वाटले नाही.

दुर्ग १९५६ पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात होते, आणि दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या गावांत भोसलेकाळापासून मराठी घरे आहेत. भिलाईत त्या वर्षांत खाणावळ चालवलेल्या, ठेकेदाराकडे हजेरी मांडलेल्या, कोठीवर शिधा मोजलेल्या मराठी माणसांची मुले आज सत्तरीला आली असतील. त्यांच्या घरी खाणावळीची उधारीची वही, तांदूळ-डाळीचा भाव टिपलेला एखादा कागद, किंवा मेटाच्या हातची हजेरीपट्टी शिल्लक असेल, तर ती रद्दीत घालू नये. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे तिची नक्कल तरी द्यावी, आणि ज्या आईने किंवा बापाने ती लिहिली तिचे अथवा त्याचे नाव, गाव आणि कामाची वर्षे तिच्यावर स्पष्ट अक्षरांत घालावीत.