सशांची स्वारी

ससा हा आपल्याकडे भित्रेपणाचा नमुना समजला जातो. पाठीवर पान पडताच आभाळ कोसळले म्हणून धावत सुटणारा ससा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. अशा या प्राण्याने एक सबंध खंड जेरीस आणले, सरकारांना हजारो किलोमीटरचे कुंपण घालावयास लावले आणि पाश्चरसारख्या शास्त्रज्ञालाही दाद दिली नाही, असे कोणी म्हटले तर ती सशाच्या शिंगासारखीच गोष्ट वाटेल. पण ती खरी आहे. ऑस्ट्रेलियात ती घडली आणि अजून संपलेली नाही.

कामगार चळवळीतल्या माणसाने सशांवर व्याख्यान द्यावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात फार, असे झाले. वाचता वाचता ही हकीकत हाती लागली आणि तिच्यात आम्हांला आमचेच दोन जुने प्रश्न दिसले. एकाने हौस करावी आणि तिची किंमत सर्वांनी भरावी, हे कोठवर चालायचे? आणि सर्वांवर आलेले संकट एकेकट्याला निवारता येते काय?

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्या माळरानावरचा ससा बीळ करीत नाही. झुडपाच्या किंवा गवताच्या आडोशाला तो एकटा बसून राहतो. युरोपातला ससा निराळ्या जातीचा. आपण पिंजऱ्यात पाळतो तो पांढरा ससा त्याच कुळातला. तो जमिनीखाली बिळांचे मोठे जाळे खोदतो आणि तेथे कळपाने राहतो. मादी सुमारे महिनाभरात विते, एका वेळी चारसहा पिले होतात, आणि ती पिलेही काही महिन्यांतच वीत सुटतात. चारा मुबलक आणि शत्रू कमी असे ठिकाण मिळाले की या हिशेबाचे काय होते, हे सांगावयास गणिती नको.

असे ठिकाण त्याला मिळवून दिले टॉमस ऑस्टिन या धनिक जमीनदाराने. हा मूळचा इंग्लंडचा. व्हिक्टोरिया वसाहतीत विंचेल्सीजवळ बारवन पार्क नावाची त्याची मोठी इस्टेट होती. मायदेशासारखी शिकार इकडेही करावयास मिळावी, ही त्याची हौस. १८५९ च्या नाताळात ‘लाइटनिंग’ जहाजातून त्याच्यासाठी इंग्लंडहून ससे आले. ते पुरते दोन डझनही नसावेत. त्याच्या आधी, १७८८ पासून, वसाहतीत पाळीव ससे होतेच. पण ते फारसे पसरले नव्हते. हे मात्र पसरले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने तर असे दाखविले की, मुख्य भूमीवरचा सशांचा सारा विस्तार प्रामुख्याने या एकाच खेपेपासून झाला.

सातच वर्षांत, १८६६ साली, त्या इस्टेटीवर एका वर्षात चौदा हजारांवर ससे मारले गेले. १८६७ साली व्हिक्टोरिया राणीचा मुलगा तेथे शिकारीस येऊन गेला. जमीनदारांची चैन चालली होती. त्याच सुमारास कोलॅकच्या पोलीस कोर्टात, एका जमीनदाराच्या हद्दीत ससा मारला म्हणून एका माणसाला दहा पौंड दंड झाला. काही वर्षांनी त्याच इस्टेटीच्या मालकावर ससे मारण्यासाठी वर्षाला हजारो पौंड खर्चण्याची पाळी आली! ससा जोवर शिकारीची वस्तू होता तोवर तो मालकाचा. उपद्रवी झाला तेव्हा तो सर्वांचा. ही वाटणी कामगारांना नवी नाही.

ससे मरे नदी ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये शिरले, क्वीन्सलँडला पोचले आणि १८९४ च्या सुमारास निर्जल नलारबॉरचे पठार ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरले. दहाबारा ससे मिळून एका मेंढीचा चारा खातात. गहू कोवळा असतानाच ते तो फस्त करीत, गवत मुळापर्यंत कुरतडीत, झाडांची साल सोलून काढीत. दुष्काळात उघडी पडलेली माती वाऱ्याने उडून जाई. लहान शेतकरी कर्ज काढून जमीन घेई आणि पीक सशांच्या हवाली करून निघून जाई. ज्या मूळ रहिवाशांची ही भूमी, त्यांना ही हौस कोणी विचारलीही नव्हती. पण त्यांच्या ओळखीच्या वनस्पती आणि बिल्बीसारखे प्राणी हटत गेले, ते याच धडाक्यात.

मग उपाय सुरू झाले. आपल्याकडच्या मुंगसाचाही त्यांत नंबर लागला. १८८३ आणि १८८४ साली मुंगसे नेऊन ठिकठिकाणी सोडली; ती तेथे रुजली नाहीत. वसाहतींच्या सरकारांनी मारलेल्या सशामागे बक्षीस ठेवले. त्यातून सापळे लावणाऱ्यांचा एक नवा मजूरवर्ग उभा राहिला. गाभण मादी सापडली तर हे लोक तिला सोडून देतात, अशी जमीनदारांची ओरड असे. ती खरी असली तर नवल कसले? आम्ही गिरण्यांत नगावर मजुरी घेणारी माणसे आयुष्यभर पाहिली आहेत. ज्याची भाकरी सशाच्या शेपटीमागे मोजली जाते, त्याने ससेच संपवावेत ही अपेक्षा धरणारा हिशेबात कच्चा. दोष त्या मजुराचा नव्हता. पैसे मेलेल्या सशाचे मिळत, निर्धास्त झालेल्या शेताचे मिळत नसत. पुढे १९३० नंतरच्या मंदीत तर बेकारांच्या कित्येक चुली याच सशाच्या मांसावर पेटल्या, आणि कातड्यावरच्या लोकरीच्या हॅट झाल्या. एकाचे संकट हे दुसऱ्याचे पोट झाले की प्रश्न अवघड होतो.

१८८७ साली न्यू साउथ वेल्सच्या सरकारने अचूक उपायासाठी पंचवीस हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. चौदाशेंहून अधिक योजना आल्या. पॅरिसहून लुई पाश्चरने आपला भाचा आद्रिएँ ल्वार याला कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन पाठविले. सिडनीच्या बंदरातील रॉड बेटावर प्रयोग झाले. जंतू खाऊ घातलेले ससे मेले. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडे पुरेसा पसरेना आणि कोंबड्यांना मात्र धोका. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने कुंपणाचा मार्ग धरला. १९०१ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली पहिले कुंपण पुरे झाले. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत त्याची लांबी १,८३३ किलोमीटर! पुढे आणखी दोन जोडली आणि एकूण लांबी ३,२५६ किलोमीटरवर गेली. ओसाड प्रदेशातून खांब, तारा आणि पाणी वाहून मजुरांनी हे काम केले. मग राखणदार घोड्यांवरून आणि उंटांवरून एकट्याने गस्त घालीत राहिले. त्या उंटांचे मूळ आपल्या बाजूला होते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या वायव्येकडून उंट आणि उंटवाले ऑस्ट्रेलियात गेले होते. एवढे होऊनही कुंपण पुरे होण्यापूर्वीच ससे त्याच्या पलीकडे पोचलेले होते. पुराने खालची माती वाहून गेली, वाळू चढली, कोणी फाटक उघडे टाकले, की संपले. कुंपण अगदीच वाया गेले असे नाही. पण कुंपणाची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेएवढीच असते.

यानंतर विषाणू आला. मिक्सोमॅटोसिस हा दक्षिण अमेरिकेतील सशांचा रोग. तेथील सशांना तो फारसा बाधत नाही. युरोपी सशाला मात्र प्राणघातक. ब्राझीलच्या आरागाओ या शास्त्रज्ञाने तो ऑस्ट्रेलियासाठी सुचविला, आणि पुढे जीन मॅक्नमारा या मेलबर्नच्या डॉक्टरबाईंनी त्याचा ध्यास घेतला. १९५० साली मरे नदीच्या खोऱ्यात प्रयोग झाले. प्रथम ते फसल्यासारखे वाटले. डिसेंबरात डासांनी रोग उचलला आणि तो नद्यांच्या काठाने वणव्यासारखा पसरला. दोन वर्षांत सशांची संख्या साठ कोटींवरून दहा कोटींवर आली, असा अंदाज आहे. उजाड कुरणे हिरवी झाली, लोकरीचे आणि मांसाचे उत्पादन वाढले. सशांचे मरण मात्र क्रूर होते: डोळे सुजून बंद होत आणि ते आंधळे होऊन भटकत. विजयाची ही बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही.

त्याच काळात मरेच्या खोऱ्यात माणसांत मेंदूज्वराची साथ आली. रोग सशांच्या विषाणूमुळेच आला, असे लोक बोलू लागले. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्ल्यूनिस रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काही झाले नाही. लोकांना धीर धरा म्हणावयाचे तर धोका आधी आपण पत्करावा, हा नियम त्यांनी पाळला. कोणत्याही पुढाऱ्याने शिकावे असे हे आहे.

पुढे फ्रँक फेनर यांनी जे पाहिले ते आमच्या मते या साऱ्या कथेचे मर्म आहे. ससा लवकर मेला तर डासाला रोग नेण्यास वेळ मिळत नाही. म्हणून थोडे सौम्य विषाणूच टिकून राहिले. इकडे जे ससे वाचले त्यांची पिले अधिक चिवट निपजली. युरॅना सरोवराच्या परिसरात सात साथींनंतर सशांची चाचणी घेतली, तेव्हा ठरावीक विषाणूने मरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९० वरून सुमारे २५ वर आलेले दिसले. १९९५ साली सशांचा दुसरा एक रोग वॉर्डांग बेटावरील प्रयोगातून निसटला आणि पुन्हा मोठी कत्तल झाली. कालांतराने त्याचीही धार बोथट झाली. आजही तेथे सुमारे वीस कोटी ससे असावेत असा अंदाज आहे.

युरोपात हीच गोष्ट उलटी घडली. १९५२ साली फ्रान्समध्ये आर्मां-देलीय या डॉक्टराने आपल्या भिंतीबंद इस्टेटीत दोन सशांना हा रोग टोचला. भिंतीने काही अडले नाही. १९५४ अखेर फ्रान्समधले बहुतेक रानससे मेले. शिकारी चिडले, शेतकरी खूश झाले. डॉक्टराला कोर्टाने दंड केला आणि नंतर त्यालाच पदकही मिळाले! स्पेन आणि पोर्तुगाल हे तर सशाचे माहेर. तेथे ससे घटले तशी त्यांच्यावर जगणाऱ्या लिंक्सचीही उपासमार झाली. तेव्हा ससा जात्याच दुष्ट आहे असे मुळीच नाही. आपल्या जागेवरून उपटून भलत्या ठिकाणी आणलेल्या जिवाचा हा प्रश्न आहे.

मग उपाय कोणता? तेथील जाणते सांगतात तो साधा आहे. रोगाने संख्या खाली आणली की त्याच वेळी बिळे नांगराने उकरून मोडावयाची, उरलेल्यांना विषाचे आमिष घालावयाचे, आणि हे काम शेजारपाजारच्या सर्वांनी एकाच हंगामात करावयाचे. एकाने आपली बिळे मोडली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर वर्षभरात पहिल्याचे शेत पुन्हा सशांनी भरते. हेक्टरी एक ससासुद्धा काही जातींची कोवळी रोपे वर येऊ देत नाही. म्हणून ‘थोडे राहिले तर राहू द्या’ ही सवलत येथे नाही.

संघटनेच्या कामात आम्ही हेच अनुभवले आहे. मिळविलेला हक्क एकदा मिळाला म्हणून कायमचा राहत नाही. कालचे हत्यार आज बोथट होते, आणि एका खात्याने ढिलाई केली तर सर्व गिरणीचे नुकसान होते. ऑस्ट्रेलियाला हा धडा दीडशे वर्षांनी आणि फार मोठ्या किमतीने मिळाला. हौस एकाची होती, पण निस्तरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या सर्वांकडे आले. आपल्या गावात कोणी नवी हौस घेऊन येईल, तेव्हा तिच्या खर्चाचा कागद आधी सर्वांपुढे मांडावयास सांगणे हा नागरिकांचा हक्क आहे. आणि संकट आलेच तर शेजाऱ्याच्या बांधापर्यंत चालत जाणे हे त्यांचे कर्तव्य आहे.