वल्हं मारणाऱ्या पोरी



माझं माहेर भालकी तालुक्यातलं, सासर आळंदचं. (जिल्ह्याला आता कलबुरगी म्हणतात, पण आमच्या तोंडून अजून गुलबर्गाच निघतं.) आज लिहिणार आहे ते नाव वल्हवण्याच्या शर्यतीबद्दल, आणि तेही कॉलेजच्या मुलींच्या. तुम्ही म्हणाल, बिदर-गुलबर्ग्याच्या बाईचा होडीशी काय संबंध? नव्हताच. आमच्याकडं पाणी असतं ते जमिनीच्या पोटात. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातला करेझ आहे, म्हणजे खडकातून कोरलेला पाण्याचा बोगदा, वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं. आमच्या कारंजा नदीवर ब्याळहळ्ळीजवळ धरण झालं ते माझ्या लग्नानंतर. तोवर होडी पाहिली ती पुस्तकातल्या चित्रात.

माहेरच्या घरामागं विहीर होती. माझे दोघे भाऊ तिथंच पोहायला शिकले. पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर, आणि अण्णा वरून ढकलून द्यायचे. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. एकदा मी म्हटलं, मलाही शिकवा की. अण्णा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं विहिरीत उतरायचं ते जीव द्यायलाच." रागानं नाही म्हणाली, भाजी निवडत निवडत म्हणाली. विषय संपला.

विहिरीत मी उतरले ती १९७२ च्या दुष्काळात. तेव्हा आपलं राज्य म्हैसूरच होतं, कर्नाटक हे नाव पुढच्या नोव्हेंबरात आलं. पाणी तळाला गेलं. पोहरा टाकला की नुसता दगडावर आपटायचा. मग आम्ही बायका पायऱ्यांनी खाली जायचो नि कपारीत झिरपणारं पाणी वाटीनं घागरीत भरायचो. एक घागर भरायला दीड-दोन तास लागायचे. त्याच विहिरीत माझे भाऊ सूर मारत होते, आणि मला तिचा तळ दिसला तो असा.

आता एकदम अमेरिकेत चला. माझी नात बोस्टनकडच्या एका कॉलेजात शिकायला गेली. पहिल्याच महिन्यात फोन आला, "आज्जी, मी रोइंगच्या टीममध्ये गेले." यापूर्वी तिनं वल्हं हातात धरलं नव्हतं. उंच आहे, दमत नाही, एवढ्यावर घेतलं म्हणे. आधी पोहण्याची परीक्षा. मग पहाटे साडेपाचला नदीवर, आठवड्यातून सहा दिवस. थोड्या दिवसांनी व्हिडिओ कॉलवर तिनं हात दाखवले. तळहातावर फोड, काही फुटलेले. मी सरळ म्हटलं, "सोड हे. शिकायला गेलीस की हमाली करायला?" पुढचे दोन-तीन महिने मी दर रविवारी तेच म्हणत होते. इथं लपवून काय करायचं, घरात विरोध करणारी मीच होते. तिचे आई-बाबा नव्हेत.

तिनं वाद घातला नाही. एका रविवारी तिनं मला येल विद्यापीठाची गोष्ट सांगितली.

येलमध्ये पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला १९६९ साली. पुढं तिथल्या मुली नाव वल्हवायला लागल्या. सराव गावाबाहेर, डर्बीला, हाउसाटॉनिक नदीवर. बोटहाउसमध्ये मुलांना कपडे बदलायची खोली होती, गरम पाण्याचे शॉवर होते. मुलींना काही नाही. सराव झाला की मुली घामानं नि नदीच्या पाण्यानं भिजलेल्या, कडाक्याच्या थंडीत बसमध्ये बसून राहायच्या. मुलांच्या आंघोळी उरकल्या की बस निघायची. तक्रारी करून झाल्या. शेवटी ३ मार्च १९७६ ला एकोणीस मुली विद्यापीठाच्या ऑफिसात गेल्या आणि तिथं त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. प्रत्येकीच्या छातीवर नि पाठीवर शाईनं लिहिलेलं होतं, 'टायटल नाईन'. क्रिस अर्न्स्ट ही त्यांची कप्तान. तिनं तसंच उभं राहून निवेदन वाचून दाखवलं. वर्तमानपत्रात ते देशभर गेलं, आणि मग मुलींच्या शॉवरची सोय झाली. त्याच उन्हाळ्यात माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग पहिल्यांदा आलं. पुरुषांची शर्यत २००० मीटरची, बायकांची १००० ची. (बायका अर्ध्यातच दमतील, असा कोणाचा तरी हिशेब असणार.) बायकांना पुरे अंतर मिळालं १९८८ ला, सोलमध्ये. येलच्या त्या मुलींपैकी अर्न्स्ट आणि अ‍ॅन वॉर्नर माँट्रियलला खेळल्या. वॉर्नरच्या आठजणींच्या नावेला कांस्यपदक मिळालं.

मी विचारलं, हे टायटल नाईन म्हणजे काय? ती म्हणाली, कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून कोणाला काही नाकारायचं नाही. कधीचा? २३ जून १९७२ चा.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. बहात्तर म्हटलं की आपल्या पिढीला मिलो ज्वारी नि सुकडी आठवते, खडी फोडायची कामं आठवतात.

मग मीच वाचायला लागले. मास्तरकीची सवय जात नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली कॉलेजात १८७५ पासून मुली तळ्यावर होड्या वल्हवताहेत. (माझे थोरले दादा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होते, ते संगमाच्या पुलाला वेलस्ली पूलच म्हणायचे. त्याचा याच्याशी संबंध नाही.) पण तिथं सुरुवातीला शर्यत नव्हती. गाणी म्हणत छान दिसेल असं वल्हवायचं. इंग्लंडात केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजच्या मुलींनी १८९३ ला आपला बोट क्लब काढला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलींचा सामना पहिल्यांदा झाला १९२७ ला, आणि त्यात अट अशी की दोन्ही नावा एका वेळी पाण्यात दिसता कामा नयेत. एकीनं जायचं, मग दुसरीनं. गुण वेगाला, आणि 'स्टाइल'ला. मुलगी बघायला येतात तेव्हा चालून दाखव म्हणतात, त्यातलंच हे. मुलांच्या जोडीनं त्याच दिवशी, लंडनच्या थेम्सवर त्याच पावणेसात किलोमीटरवर मुलींची शर्यत व्हायला २०१५ उजाडलं.

मला जास्त भावला तो फर्निव्हल. इंग्रजीचा मोठा विद्वान, ऑक्सफर्डच्या शब्दकोशाच्या सुरुवातीच्या संपादकांपैकी एक. या म्हाताऱ्यानं १८९६ ला लंडनमध्ये हॅमरस्मिथला मुलींसाठी वल्हवण्याचा क्लब काढला, तोही चहाच्या दुकानात काम करणाऱ्या पोरींसाठी. आठवडाभर कपबश्या उचलायच्या नि रविवारी नदीवर. पुरुषांना त्या क्लबात प्रवेश पाच वर्षांनी मिळाला!

आपल्याकडं पुण्यात रॉयल कॉनॉट बोट क्लब १८६८ चा, दादांच्या कॉलेजचा १९२८ चा. दादा मार्चमधल्या रेगाटाचं वर्णन रंगवून सांगायचे. त्यांच्या गोष्टीत मुली असायच्या त्या काठावर, टाळ्या वाजवायला. आणि आपला दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खणणारा पोरगा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात आलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. त्याच वर्षी एप्रिलात आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी येत होतं. बायकांत २०१० च्या आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला मिंज यांनी दोघींच्या नावेत कांस्य आणलं. तेव्हा मला ते कळलंही नव्हतं.

२०२२ च्या शरदात मी तिकडं गेले. नात तेव्हा दुसऱ्या वर्षाला. तिथं या खेळाचे दोन हंगाम असतात. वसंतात २००० मीटर, नावा शेजारीशेजारी, सहा-सात मिनिटांत खेळ खल्लास. शरदात लांब पल्ला, पाचेक किलोमीटर, आणि नावा एकामागून एक सोडतात. शेजारी कोणी नसतं, लढाई घड्याळाशी. म्हणून सप्टेंबरपासून नुसता दम वाढवायचा. पाऊस असेल तर खोलीत 'अर्ग' नावाच्या यंत्रावर ओढत बसायचं, समोर आकडे पळत असतात. मला वाटायचं जोर हाताचा. तर नाही, बसायची पाटी मागंपुढं सरकते नि खरा जोर पायांचा. आणि वल्हवणाऱ्या आठही जणी उलट्या बसतात. कुठं चाललोय ते एकीलाही दिसत नाही, दिसतं ते मागं पडलेलं पाणी. पुढचं बघते ती एकटी नववी, सुकाणूवाली, तिला कॉक्स म्हणतात. सराव संपला की ती अठरा मीटरच्या आसपासची नाव पोरी खांद्यावर घेऊन येतात, पालखीसारखी.

चार्ल्स नदीवरची 'हेड ऑफ द चार्ल्स' ही शर्यत १९६५ पासून चालत आलेली. त्या वर्षी ती बरोबर दिवाळीत आली, सोमवारी लक्ष्मीपूजन नि रविवारी हिची नाव. सुनेनं मला शाल, स्वेटर, टोपी घालून एका पादचारी पुलावर उभं केलं. तिथं नदीला मोठं वळण आहे, नावा एकमेकींवर आदळतात त्या बहुधा तिथंच. साधारण पंधरा-पंधरा सेकंदांनी एकेक नाव येत होती. हिची नाव आली तेव्हा मला ही ओळखूच आली नाही. सगळ्यांच्या पाठी एकत्र वाकत होत्या, एकत्र सरळ होत होत्या. मग पुलाखालून पलीकडं गेल्यावर तोंडं दिसली, लालबुंद, वाकडी झालेली. छान दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी "हाण गं बाई!" म्हणून ओरडले म्हणे. मला आठवत नाही, सुनेच्या मोबाईलमध्ये आहे.

नंबर मधला कुठंतरी आला. तिनं मला नंबर सांगितलाच नाही, वेळ सांगितली. अठरा मिनिटं नि वर काही सेकंद. मागच्या सरावापेक्षा कमी, याचाच आनंद.

संध्याकाळी मी तिचा हात हातात घेतला. फोड नव्हते आता, बोटांच्या मुळाशी पिवळट घट्टे होते. असे घट्टे मी आईच्या हाताला पाहिलेत, पाणी शेंदून शेंदून पडलेले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. मी पहाटे उठून तेल कोमट केलं, उटणं कालवलं, तिला उठवायला गेले. "आज्जी, आजच्या दिवस सरावाला सुट्टी आहे गं," म्हणाली नि पांघरूण ओढून घेतलं. नऊ वाजता उठली. मग तिच्या पाठीला तेल लावलं, आणि तिनं पाऊण तास गरम पाण्याखाली आंघोळ केली. सून बाहेरून ओरडत होती, टाकीतलं गरम पाणी संपवलं म्हणून. मी तिला म्हटलं, असू दे.