ठळक अक्षरांचा मूळपुरुष

बँकेच्या कागदावर अक्षरांच्या दोन जाती असतात. व्याजाचा दर ठळक, अटी बारीक. बारीक अक्षरं कुणी वाचत नाही म्हणून तर ती बारीक असतात. पण ही ठळक जात आली कुठून? तर तिचं मूळ घर लंडनच्या फॅन स्ट्रीटवर, साल १८४५.

त्याआधी जाड टाईप नव्हता असं नाही. जाहिरातींसाठी चांगली पोट सुटलेली अक्षरं ओतली जात. पण ती भिंतीवरच शोभायची. पुस्तकाच्या ओळीत बसवली की पंगतीत पैलवान बसल्यासारखं व्हायचं. शेजारच्या दोघांनी जेवायचं कसं? त्यामुळे एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तो तिरपा छापायचा, नाहीतर कॅपिटलमध्ये.

फॅन स्ट्रीटची ही टाईप फाउंड्री विल्यम थोरोगूड यांनी १८२० साली विकत घेतली होती, तीही म्हणे लॉटरीत लागलेल्या पैशातून! (लॉटरीचं तिकीट घेणाऱ्यांनी हे वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवावं.) तिथले भागीदार रॉबर्ट बेस्ली यांनी 'क्लॅरेंडन' नावाचा टाईप काढला. अंग भरलेलं, पण बेताचं. अक्षरांच्या टोकांना जाड पाय, आणि ते पायही अंगाला हलक्या गोलाईने जोडलेले. साध्या टाईपाच्या ओळीत, शेजाऱ्याला धक्का न लावता बसेल असा हा पहिला ठळक गडी. शब्दकोश छापणाऱ्यांना तर देवच भेटला. शब्द ठळक, अर्थ साधा. बोट फिरवलं की शब्द सापडतो.

बेस्लींनी या टाईपाची सरकारदरबारी नोंदणी केली. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं. आमच्याकडे मुदत ठेवसुद्धा याहून जास्त काळ टिकते! मुदत भरली आणि इतर फाउंड्र्यांनी धडाधड नकला काढल्या. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो, तसं इंग्रज छापखानेवाले कुठल्याही ठळक टाईपाला क्लॅरेंडन म्हणू लागले. पुढे हीच अक्षरं लाकडात कोरून अमेरिकेच्या पोस्टरांवर चढली, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरही बरीच वर्षं उभी राहिली.

एवढं होऊनही या टाईपाचा मूळ धर्म सोपा आहे. आजूबाजूचे शब्द गप्प असतील तरच ठळक शब्द ऐकू येतो. आमच्या वरच्या ऑफिसातून येणारी सर्क्युलरं पाहिलीत तर 'तातडीचे'ही ठळक, 'कळावे'ही ठळक. सगळेच ओरडतात, म्हणून आम्ही निवांत चहा पितो.

बेस्ली १८६९ साली लंडनचे लॉर्ड मेयर झाले. पण पोलादी ठशावर ती अक्षरं एकेक करून, उलटी, हाताने कोरली होती बेंजामिन फॉक्स नावाच्या कारागिराने. जगाला ठळक अक्षर देणाऱ्या या माणसाचं नाव छापखान्यांच्या इतिहासात सापडतं खरं, पण बहुधा बारीक टाईपात. अटी वाचायच्या राहिल्या तरी चालेल. एवढं नाव मात्र वाचावं.