शाहूमहाराजांचा खंड्या

छत्रपति शाहूमहाराजांचें बाळपण व ऐन तारुण्य १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेंत गेलें. पुढें सातारच्या गादीवर आल्यावर त्यांचा जीव जडला तो खंड्या नांवाच्या कुत्र्यावर. शिकारींत भुंकून त्यानें वाघापासून धन्याचे प्राण वांचविले, अशी आख्यायिका आहे. महाराजांनीं त्याला पालखीचा मान दिला. संगम माहुलीस त्याची पाषाणमूर्ति आहे.

ही केवळ राजाची लहर नव्हे. दीर्घ दुखण्यांत लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं लिहिलें. १९८० सालच्या एका अमेरिकन पाहणींत हृदयविकाराच्या रुग्णांपैकीं पाळीव प्राणी असणारे वर्षभरानंतर अधिक प्रमाणांत हयात आढळले. वाघापासून वांचविणारा खंड्या विरळाच. एकटेपणापासून वांचविणारा मात्र पुष्कळांच्या उंबऱ्यावर बसलेला असतो.