तिजोरीची दुसरी किल्ली

आपल्या मंडळाच्या जुन्या वर्गणी-याद्या चाळल्या तर नावांपुढे कंसात ‘रेल्वे’, ‘पोस्ट’, ‘पीडब्ल्यूडी’ असे लिहिलेले आढळते. सत्तरच्या दशकापासून त्यात ‘बँक’ हा शब्द वरचेवर दिसू लागतो. माझे बाबा त्या कंसातले.

१९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. त्याच वर्षी डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावे, असे सुचवले आणि डिसेंबरात अग्रणी बँक योजना आली. १९७७ मध्ये तर नियमच झाला, की शहरात एक शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या खेड्यांत चार उघडा. १९६९ मध्ये ग्रामीण शाखा सुमारे १,८०० होत्या. १९९१ पर्यंत त्या ३५,००० वर गेल्या. एवढ्या शाखांना मॅनेजर कुठून आणायचे? बदलीच्या ऑर्डरी काढून! आपल्यापैकी कितीतरी घरे अशा एका टंकलिखित कागदामुळेच इकडे आली.

बाबा मूळचे अमरावतीचे. १९६६ साली कारकून म्हणून लागले, १९७८ मध्ये अधिकारी झाले आणि रायपूर जिल्ह्यातल्या (तेव्हा मध्य प्रदेश) एका धानाच्या गावी नव्या शाखेत आले. शाखा म्हणजे एका व्यापाऱ्याच्या गोदामातल्या दोन खोल्या. स्टाफ तीन माणसांचा. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, दुसरी मॅनेजरकडे. दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नसे. त्यामुळे दुसरा माणूस येऊन सही करून किल्ली घेईपर्यंत मॅनेजरला गाव सोडता येत नसे. आजी गेल्याची तार शनिवारी दुपारी आली. किल्ली घ्यायला माणूस आला सोमवारी. बाबा पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते. याबद्दल ते कधी बँकेला बोलले नाहीत, पण त्यानंतर किल्ली जानव्याला बांधायचे सोडून खिशात ठेवू लागले.

आम्ही दोघे भावंडे शाळेसाठी आईबरोबर रायपूरला. बाबा शनिवारी शेवटच्या बसने येत, सोमवारी पहिल्या बसने जात. मधल्या दिवसांत दर बुधवारी एक अंतर्देशीय पत्र येई. त्यात खुशाली दोन ओळी आणि एक गणित. गणितातली माणसे त्या गावचीच असत. अमक्याने म्हशीसाठी कर्ज काढले, तिसऱ्या महिन्यात म्हैस आटली, तर हप्ता किती करावा? माझी बहीण त्यावर उत्तरात लिहून पाठवी, ‘आधी म्हशीला डॉक्टर दाखवावा.’ बाबांनी ते उत्तर बरोबर धरले होते!

बचत खात्याचे व्याज त्या काळी १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळे (ही पद्धत १ एप्रिल २०१० पासून गेली). म्हणजे ११ तारखेला पैसे भरले तर त्या महिन्याचे व्याज बुडाले. बाबा ९ तारखेच्या बाजारात स्वतः फिरून मजुरांना सांगत, ‘आजच भरा.’ बँकेचा त्यात तोटाच होता, पण हे काम त्यांना फार आवडे. खेड्यातल्या बँकेचा खरा अर्थ मला तरी त्या फेरीत दिसतो, आकडेवारीत कमी.

१९८४ मध्ये बढतीची संधी आली, पण पोस्टिंग दूर ओरिसात. बहिणीची बोर्डाची परीक्षा पुढ्यात होती. बाबांनी नकार लिहून दिला. त्यांच्या बरोबरीचे पुढे रीजनल मॅनेजर झाले. बाबा त्यांना ‘साहेब’ म्हणू लागले आणि त्यात त्यांना अवघड काही वाटल्याचे आम्हाला तरी दिसले नाही. आईला मात्र वाटे.

बँकांचे वर्ष पूर्वी ३१ डिसेंबरला संपे. १९८९ पासून ते ३१ मार्चवर गेले, आणि सहामाही क्लोजिंग ३० सप्टेंबरला. गणपती उशिरा आले की मंडळाचे खजिनदार बाबा दिवसा बँकेची आणि रात्री मांडवाच्या मागे बसून आपली खाती जुळवत. दीड रुपयाच्या सुतळीलाही व्हाउचर लागे. कार्यकर्ते वैतागत.

१९९० मध्ये सरकारने दहा हजारांपर्यंतची शेतकऱ्यांची थकीत कर्जे माफ केली. थकबाकीदार सुटले. वेळेवर फेडणाऱ्यांना काही मिळाले नाही. त्या गावचा एक म्हातारा शेतकरी, नियमित हप्ते भरणारा, शहरात बदलून आलेल्या बाबांना शोधत आमच्या घरी आला. त्याने एवढेच विचारले, ‘साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, वेळेवर भरा म्हणून?’ बाबांनी त्याला जेवायला वाढले, स्टँडपर्यंत पोहोचवले आणि बस सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले.