लघुतरंग कन्सोल रेडिओ
जमिनीवर उभ्या ठेवावयाच्या मोठ्या लाकडी पेटीत बसविलेला, निर्वात नलिकांवर म्हणजेच व्हॉल्व्हवर चालणारा रेडिओ ग्राही. मध्यम तरंगांबरोबर लघुतरंगही ग्रहण करणारे असे ग्राही १९३० नंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष प्रचारात आले.

लघुतरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. नेदर्लंड्समधील आइंटहोव्हेन येथून फिलिप्स कंपनीने १९२७ मध्ये व बीबीसीने डॅव्हेंट्री येथून डिसेंबर १९३२ मध्ये सागरापलीकडील श्रोत्यांसाठी अशी प्रक्षेपणे सुरू केली. ती घरबसल्या ऐकणे सुकर झाले ते एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेटरोडाइन मंडलामुळे. यात येणारा संकेत ग्राहीतीलच आंदोलकाच्या संकेतात मिसळून एका ठराविक कंप्रतेत बदलतात व मग त्याचे विवर्धन करतात. १९३५ पासून ‘मॅजिक आय’ ही हिरवी चमकणारी नलिका आली. केंद्र अचूक जुळले की तिच्यातील छाया अरुंद होई. त्याच वर्षीच्या झेनिथ कंपनीच्या ‘स्ट्रॅटोस्फिअर’मध्ये २५ नलिका होत्या आणि किंमत ७५० डॉलर होती, साधी फोर्ड मोटार त्याहून स्वस्त मिळे. तबकडीवर दूरच्या राजधान्यांची नावे असत. प्रत्यक्षात मात्र आवाज वरचेवर क्षीण होई व खरखर ऐकू येई.

युद्धकाळात ही हौसेची सोय कायद्याचा विषय बनली. जर्मनीत १९३३ मध्ये निघालेल्या स्वस्त ‘लोकग्राही’त लघुतरंगांची सोयच नव्हती. १ सप्टेंबर १९३९ च्या हुकुमाने तेथे परकीय केंद्रे ऐकणे गुन्हा ठरले. ऐकलेली बातमी पसरविल्यास मृत्युदंडही होऊ शके. व्याप्त नेदर्लंड्समध्ये मे १९४३ मध्ये सर्वच ग्राही जमा करण्याचा आदेश निघाला. अमेरिकेतही डिसेंबर १९४१ नंतर ‘शत्रुदेशीय’ ठरलेल्या रहिवाशांना लघुतरंग ग्राही बाळगण्यास बंदी झाली. जपानहून आलेल्या पिढीला तर कायद्याने नागरिकत्वच मिळत नव्हते. त्यामुळे दशकानुदशके तेथे राहिलेली कुटुंबेही या बंदीत सापडली. काहींनी लघुतरंगांचे वेटोळे काढून टाकून ग्राही घरात ठेवला. ग्राहीतील आंदोलकाचे सूक्ष्म प्रारण शत्रूच्या पाणबुड्यांना जहाजाचा ठावठिकाणा देईल, या भीतीने शिकागोच्या ई. एच. स्कॉट कंपनीने जहाजांसाठी अल्प प्रारणाचे ग्राही बनविले. एप्रिल १९४२ मध्ये घरगुती ग्राहींचे उत्पादन थांबविण्यात आले.

भारतात टेबलावर ठेवावयाचे ग्राही अधिक रुळले. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचे मुंबईतील गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ मध्ये ४२·३४ मी. या लघुतरंगावर चाले. ते ऐकण्यास लघुतरंग ग्राहीच लागे.

युद्धानंतर दिवाणखान्यातील कन्सोलची जागा दूरचित्रवाणी संचाने घेतली, तर १९५४ पासून ट्रँझिस्टर रेडिओ खिशात मावू लागला. जुने कन्सोल आता संग्राहक दुरुस्त करतात. त्यांतील मेणकागदाच्या धारित्रांतून कालांतराने विद्युत् प्रवाह झिरपू लागतो व रोहित्र जळू शकते; म्हणून असा ग्राही थेट वीजपुरवठ्याला न जोडता आधी धारित्रे बदलतात.