रेघ आणि पाटी

'एमएच ४६' दिसले की गाडी पनवेल पासिंगची, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. १६ ऑगस्ट २०२० च्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मोटारीएवढा एक दगड दक्षिण हिंदी महासागरावरून गेला, तेव्हा त्याला मात्र कसलेच पासिंग नव्हते. समुद्रापासून अंतर अवघे २,९५० किलोमीटर, वेग सेकंदाला १२.३ किलोमीटर. म्हणजे पनवेलहून कर्नाळा एका सेकंदात. पळस्पे फाट्यावरची कोंडी धरायची नाही.

तो सापडला सहा तासांनी, कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रात. अशा छायाचित्रात तारे ठिपक्यांसारखे येतात आणि जवळून धावणारी वस्तू रेघ ओढते. संगणक रेघा निवडून देतो, पण कृत्रिम उपग्रहही रेघाच ओढतात, म्हणून शेवटी माणसाचा डोळा लागतो. त्या दिवशी तो डोळा पवईच्या आयआयटीतल्या कुणाल देशमुख आणि कृती शर्मा या विद्यार्थ्यांचा, आणि तैवानच्या चेन-येन शू यांचा होता. नोंद झाली आणि दगडाला पाटी मिळाली: '२०२० क्यूजी'.

या पाटीचे कूळ रेघेतच आहे. १ जानेवारी १८०१ ला खगोलशास्त्रज्ञ पियाझीला सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला. पुढचे लघुग्रह इतके थोडे होते की प्रत्येकाला देवतेचे नाव आणि स्वतंत्र चिन्हही देणे परवडले. चिन्हे आवरेनात तेव्हा क्रमांक आले. मग डिसेंबर १८९१ मध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फने काचेवर घेतलेल्या छायाचित्रातली रेघ पाहून लघुग्रह शोधला, आणि नुसती रीघ लागली. कक्षा ठरेपर्यंत ओळखायचे कसे? १८९२ पासून साल आणि एक अक्षर अशी तात्पुरती खूण सुरू झाली. वर्षभरातच अक्षरे अपुरी पडली!

आजची पद्धत १९२५ ची. तिच्यात वर्षाचे चोवीस पंधरवडे पाडले आहेत. तिथीचे नव्हे, तारखेचे. प्रत्येकाला एक अक्षर; 'आय' एकासारखा दिसतो म्हणून गाळलेला, 'झेड' उरलेला. 'क्यू' म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि 'जी' म्हणजे त्यातला सातवा शोध. पंचवीस अक्षरे संपली की पुढे आकडा लागतो. क्यूजीचा जवळिकीचा विक्रम तीन महिन्यांत मोडणारा '२०२० व्हीटी४' (अंतर सुमारे ३७० किलोमीटर) कोणत्या पंधरवड्यातला, हे आता वाचकाने बोटांवर मोजावे.

कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो, नाव त्यानंतर. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या '२००६ व्हीपी३२' ला २०१९ मध्ये पंडित जसराजांचे नाव मिळाले. त्याचा क्रमांक ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०. क्यूजी गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पंडितजी गेले.

क्यूजीसारख्या तीन ते सहा मीटरच्या दगडाला हे भाग्य कठीण. जवळ आला तेवढाच दिसतो, आणि कक्षा पक्की करायला तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. त्यात पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट त्या रविवारी सुमारे ४५ अंशांनी वळली. तो आता वेगळ्याच कक्षेत फिरतो आहे. पाटी अजून तात्पुरतीच.